कुंपणावरची निळी वेल बाहेरची, आपल्या वेली बांधावर आणि घाटात

उचगावच्या एका ताईंनी फोटो पाठवून विचारलं आहे: "कंपाउंडच्या भिंतीवर दरवर्षी पावसाळ्यात निळ्या फुलांची वेल आपोआप येते. सासूबाई म्हणतात, हा काळा दाणा, पोट साफ व्हायला याच्यासारखं औषध नाही. ही वेल आपल्याकडचीच का? बी घरी वापरलं तर चालेल का? आणि मॉर्निंग ग्लोरीच्या जातीतल्या आपल्या देशी वेली कोणत्या, त्यांतली एखादी घरी लावता येईल का?"

आधी सासूबाईंबद्दल. त्यांची ओळख अगदी बरोबर आहे. फोटोत तीन टोकांचं पान दिसतं, फुलाखालची हिरवी दलं लांब, निमुळती आणि केसाळ आहेत. बोंड पिकल्यावर फोडून बघा, आत तीन कप्पे मिळतील. बाकीच्या बहुतेक जातभाईंच्या बोंडात दोनच कप्पे असतात. तेव्हा हा काळा दाणाच, संस्कृतात कृष्णबीज. पहाटे याची कळी नीट बघा. ती जांभळट तांबूस असते आणि उमलताना निळी होते. पाकळीच्या पेशींमधला आम्लपणा त्या काही तासांत कमी होतो, त्यामुळे तेच रंगद्रव्य वेगळं दिसतं. दुपारपर्यंत फूल मिटतं आणि पुन्हा लालसर होतं.

पण वेल मूळची आपली नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ तिचं मूळ उष्ण अमेरिकेत मानतात. आशियात ती फार पूर्वी पोचली आणि युनानी वैद्यकात तिच्या बियांना मानाचं स्थान मिळालं. इंग्रजांच्या काळात मेक्सिकोहून येणाऱ्या जलाप नावाच्या जुलाबाच्या औषधाऐवजी इथे काळा दाणा वापरत. म्हणजे वापराची परंपरा खरी आहे, मूळ गाव मात्र लांबचं. गणेशवेल या नावाने दारोदार दिसणारी लाल चांदण्यांची नाजूक वेलही अमेरिकेतलीच, आणि एकादशीला आपण शिजवून खातो ते रताळंही याच कुळातलं, तिकडूनच आलेलं.

बी घरी वापरू नका. काळ्या दाण्यात राळेसारखा पदार्थ असतो, तो आतड्याला ओरबाडून जुलाब लावतो. एका माणसाला चार दाणे पुरतात, दुसऱ्याला तेवढ्यानेच मुरडा येऊन शोष पडतो. गरोदर बाई, लहान मूल, मूळव्याधीचा किंवा आतड्याच्या सुजेचा रुग्ण यांना तर हे अजिबात नको. जुन्या घरांत मात्रा देणारी एक अनुभवी आजी असायची, तिला घरातल्या प्रत्येकाचा कोठा माहीत असायचा. ती आजी नसेल तर नुसतं बी हाताशी असून काही उपयोग नाही.

आता देशी वेलींकडे वळतो. आपला कोल्हापूर जिल्हा या बाबतीत फार नशीबवान आहे. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शिरोळपर्यंत गेलं की तो ६०० च्या आसपास येतो. एवढ्याशा अंतरात घाटातलं दाट रान, पन्हाळ्याकडचे सडे म्हणजे सपाट कातळ, मुरमाड माळ आणि काळीभोर जमीन असं सगळं येतं. प्रत्येक जमिनीची आपली वेगळी वेल आहे.

औषधाच्या दृष्टीने पहिला मान निशोत्तराचा. चरकसंहितेत सूत्रस्थानात श्रेष्ठ द्रव्यांची यादी आहे, त्यात सुखाने जुलाब करवणाऱ्या औषधांत त्रिवृत् म्हणजे निशोत्तर श्रेष्ठ म्हटलं आहे. त्याच ग्रंथाच्या कल्पस्थानात तर त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. ओढ्याकाठच्या झुडपांवर, ओलसर कुंपणावर ही वेल चढते. खोड हातात घेऊन फिरवलं तर कडा बोटाला लागतात, कोवळ्या खोडाला पंखासारख्या धारा असतात. फूल पांढरं, नरसाळ्यासारखं. फूल गळल्यावर खालची दलं फुगत जातात आणि फळाभोवती मांसल वाटी तयार होते. सुकलेलं फळ झाकण उघडावं तसं वरून गोल फाटतं. एकदा हे पाहिलं की दुसऱ्या कुठल्या वेलीशी गल्लत होत नाही.

औषधात मुळाची साल घेतात. मूळ काढून, चिरून आतला काष्ठासारखा गाभा टाकून द्यायचा असा ग्रंथांचा स्पष्ट आदेश आहे. म्हणून चांगलं निशोत्तर नळीसारखं पोकळ, आत वळलेलं दिसतं. बाजारात मात्र खोडाचे भरीव तुकडे सर्रास त्याच नावाने विकले जातात. पोत्यात हात घालून तुकडा उचला, मधोमध लाकूड दिसलं तर तो माल परत करा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावतो. अविपत्तिकर चूर्ण आम्लपित्तावर घरोघर घेतलं जातं. साखर सोडली तर त्यात सर्वांत मोठा वाटा निशोत्तराचा असतो. तिथे गाभ्यासकट खोड दळून घातलं तर चूर्ण कसं लागू पडणार? लोक मग म्हणतात आयुर्वेदाचा गुण येत नाही.

काळा दाणा आणि निशोत्तर दोन्ही जुलाबाचे, तरी शास्त्राने निशोत्तराला सुखविरेचन म्हटलं ते उगीच नाही. त्याची भाग निवडण्याची, गाभा काढण्याची, सुंठ-साखरेसारखी जोड देण्याची रीत ठरलेली आहे. तरीही तेसुद्धा वैद्याच्या हातूनच घ्यावं.

दुसरा मोठा विषय भुईकोहळ्याचा, आणि इथे फसगत फार होते. बाळंतिणीला दूध यावं, रोडावलेल्या माणसाने अंग धरावं म्हणून विदारीचं चूर्ण दुधातून देण्याची रीत जुनी आहे. च्यवनप्राशातही विदारी आहे. पण विदारी म्हणून बाजारात दोन वेगवेगळ्या कुळांतले कंद येतात. एक शेंगवर्गातला विदारीकंद. त्याच्या वेलीला पळसासारखी तीन-तीन पानं असतात, कंद कापला तर चवीला ज्येष्ठमधाची आठवण देणारी गोडी. दुसरा आपल्या मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातला भुईकोहळा, शास्त्रात क्षीरविदारी. याचं पान पंजासारखं पाच ते सात बोटांचं, फूल मोठं गुलाबी-जांभळं, बियांना कापसासारखे लांब केस. ताजा कंद सुरीने कापला की कापावर पांढऱ्या दुधाचे थेंब फुटून येतात. शेंगवर्गातल्या कंदातून असं दूध निघत नाही. रानात दोन्हीची पारख करायला एवढी एक खूण पुरते. दोन्ही बल्य म्हणजे ताकद देणारे मानलेले आहेत, त्यामुळे एकाऐवजी दुसरा आला तर विष नक्कीच नाही. तरी वैद्याने लिहिलेलं द्रव्य आणि रुग्णाच्या पोटात गेलेलं द्रव्य एकच असावं, एवढी अपेक्षा ठेवायला हवी.

भुईकोहळ्याचा कंद मोठा व्हायला काही वर्षं लागतात आणि तो काढायचा म्हणजे वेल मुळासकट जाते. राधानगरी, आंबा, दाजीपूर या बाजूला जंगलातून कंद खणून आणून विकणारे भेटतात. त्यांच्या पोटावर पाय आणावा असं मी म्हणणार नाही, पण गिऱ्हाईक म्हणून आपण रानातला कंद मागणं थांबवलं पाहिजे. ही वेल बियांपासून परसात छान होते, तिच्यासाठी जंगल उकरायची काही गरज नाही.

समुद्रशोकाविषयी मला जास्त सांगायचं आहे, कारण याच्याबद्दल इंटरनेटवर भलतंच चालू आहे. विधारा, वृद्धदारुक ही याची नावं. भारतीय उपखंडातलीच दणकट वेल, मोठ्या झाडावर सहज चढते. पान पिंपळाच्या घाटाचं पण थाळीएवढं. वरून हिरवं, खालून पांढरी मखमल. फूल बाहेरून लोकरीने झाकलेलं, आत गुलाबी-जांभळं. जुन्या वैद्यकीत या एका पानाचे दोन उपयोग आहेत आणि ते मला फार आवडतात. गळू पिकवायचं असेल तर पानाची मखमली बाजू गळवावर ठेवून बांधायची. पिकून फुटल्यावर जखम भरायची असेल तर तेच पान उलटून गुळगुळीत बाजूने बांधायचं. गावाकडची जुनी माणसं आजही हे सांगतात आणि ग्रंथातही हेच आहे. दोन्हीकडचं ज्ञान असं जुळलेलं दिसलं की मन भरून येतं.

समुद्रशोकाची मुळी रसायन म्हणजे शरीराला बळ देणारं औषध म्हणून वापरतात, विशेषतः वातव्याधी आणि सांधेदुखीत. चक्रदत्त या जुन्या वैद्यक ग्रंथात मुळाच्या चूर्णाला शतावरीच्या रसाच्या सात भावना देऊन ते तुपाबरोबर महिनाभर घ्यायला सांगितलं आहे. भावना म्हणजे रसात भिजवून, घोटून, पुन्हा सुकवणं. सात वेळा हे करायला आठवडा जातो. परंपरा याच सायासाने उभी राहिली आहे.

इंटरनेटवर मात्र याचं बी नशेसाठी विकलं जातं, तेही हवाईच्या नावाने. बियांत एलएसडीच्या जवळची अल्कलॉइड्स असतात. याच कुळातल्या काही वेलींवर संशोधन होऊन २०११ मध्ये दाखवलं गेलं की ही द्रव्यं वेलीबरोबर राहणारी एक बुरशी बनवते. मेक्सिकोतल्या या कुळातल्या एका वेलीच्या बियांतून एलएसडी शोधणारे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी १९६० च्या सुमारास तीच द्रव्यं वेगळी केली होती. हे बी खाऊन आलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत. उलट्या, पोटात पेटके, हातपाय गार, भास आणि प्रचंड भीती. गर्भाशय आकुंचन पावण्याचाही धोका असतो. काही जुन्या औषधी मिश्रणांत वृद्धदारुकाचं बी येतं हे खरं, पण ते इतर द्रव्यांबरोबर, मोजून आणि शुद्ध करून. मूठभर बी चावून खाणं ही आपल्या वैद्यकाची रीत कधीच नव्हती. घरात शाळा-कॉलेजातली मुलं असतील तर त्यांच्याशी याबद्दल उघड बोला.

समुद्रशोकाचे सख्खे भाऊबंद आपल्या डोंगरात बरेच आहेत. गावेल, बोंडवेल, महाळुंगी. जोतिबाच्या, पन्हाळ्याच्या बाजूला पावसाच्या शेवटी फिरलात तर करवंदीच्या जाळ्यांवर गावेलीची रेशमी पानं आणि फिकट गुलाबी फुलं दिसतील. महाळुंगी तर वेल होतच नाही, झुडपासारखी उभी राहते आणि गडद जांभळ्या फुलांनी भरते. या गटातली एक नवी जात २०२१ मध्ये मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगररांगेत रामलिंगच्या परिसरात नोंदली गेली. शरद पवारांच्या नावावरून तिला आर्गिरिया शरदचंद्रजी म्हणतात, आणि ती शोधणाऱ्यांपैकी विनोद शिंपले हे आपल्या कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे. इतक्या मोठ्या फुलांची वेल इतकी वर्षं नोंदीशिवाय राहिली होती. बाकी काय काय राहिलं असेल, या विचाराने मी अजूनही प्रत्येक पावसाळ्यात बाहेर पडतो.

पोटात जाणाऱ्या वेलींपैकी दोन भाजीच्या. फांजी, काही जण फांद म्हणतात, कुंपणावर आणि माळाच्या झुडपांवर येते. पान जाडसर, गोलट हृदयाच्या आकाराचं. फूल पांढरं, लांब नळीचं, सुवासिक, आणि संध्याकाळी उमलणारं, म्हणून सकाळी उशिरा जाणाऱ्याला ती नुसती पानांची वेल वाटते. कोवळी पानं खुडून, चिरून, उकळत्या पाण्यातून काढायची आणि पिळून ते पाणी टाकायचं. मग लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ आणि वरून शेंगदाण्याचं कूट. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर याला तोड नाही. सबंध पानाची बेसनात बुडवून भजीही करतात.

दुसरी नाळीची भाजी, म्हणजे कलमी. तळ्याच्या, ओढ्याच्या काठावर पाण्यावर पसरते. देठ पोकळ, म्हणूनच तरंगते. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात कलंबी म्हणजे हीच भाजी दूध वाढवणारी म्हटली आहे आणि बाळंतिणीला ही भाजी देण्याची पद्धत अजून टिकून आहे. एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही भाजी पाण्यातलं जे असेल ते शोषून घेते, त्यात शिसं-कॅडमियमसारखे जड धातूही आले. सांडपाणी मिसळतं अशा नाल्यातली, नदीकाठची किंवा तळ्यातली नाळी कितीही तजेलदार दिसली तरी आणू नका. विकत घेताना कुठून आणली हे विचारा, आणि शिजवूनच खा.

जमिनीलगतच्या दोन छोट्या वनस्पती याच कुळातल्या आहेत हे पुष्कळांना माहीत नसतं. विष्णुक्रांता मुरमाड माळावर, गवतात लपलेली असते. फूल शर्टाच्या बटणाएवढं, निळं, सकाळीच उघडं. गणपतीच्या एकवीस पत्रींत तिचा मान आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात मिळणाऱ्या पत्रीच्या जुडीत ती खरी सापडेलच असं नाही, बऱ्याचदा हाताला लागेल ते हिरवं बांधलेलं असतं. बुद्धीसाठी दिल्या जाणाऱ्या शंखपुष्पीच्या नावानेही काही ठिकाणी हीच वापरतात. प्रमाण मानलेली शंखपुष्पी याच कुळातली दुसरी, पसरणारी, पांढरट-गुलाबी फुलांची. आणि काही लोक तर गोकर्णीलाही शंखपुष्पी म्हणतात. तुम्ही मुलांसाठी तयार सिरप आणत असाल तर बाटलीवर शास्त्रीय नाव वाचा. काळ्या जमिनीत उंदीरकानी पसरते. पान उंदराच्या कानासारखं, फूल पिवळं, प्रत्येक पेरावर मूळ धरते. लघवीच्या तक्रारींवर आणि उंदीर चावल्यावर ती वापरत. उंदीर चावला तर आज दवाखान्यातच जा.

अमरवेलही याच घराण्यातली, फक्त तिने पानं आणि मुळं सोडून दिली. लसूणघासाच्या वाफ्यात ती शिरली की दुभत्या जनावरांचा चारा जातो. बी घासाच्या बियाण्यात मिसळून येतं, तेव्हा बियाणं चाळून घ्या आणि पिवळे धागे दिसताच तेवढा घास मुळासकट कापून जाळा. कावीळ आणि केसांसाठी अमरवेल वापरतात, पण ती ज्या झाडावर वाढली त्याचे गुणदोष घेऊन येते. कण्हेरीवरची अमरवेल पोटात घेणं म्हणजे विषाशी खेळ.

बेशरम तर सगळ्यांच्या ओळखीचा. दक्षिण अमेरिकेतून आला, कुंपणाला लावला आणि ओढे-कॅनॉलच्या कडेने माजला. शेळ्यामेंढ्यांना त्याची चटक लागते, मग थरथर, लुळेपणा, आणि शेवटी जनावर दगावतं. त्याला औषधी समजून कुणी काही करू नये.

आता खरी काळजीची गोष्ट. या देशी वेलींचं घर म्हणजे बांध, पाणंद, ओढ्याचा काठ. आपल्याकडे उसाची भरणी झाल्यावर वेलवर्गीय तण उसाला गुंडाळतं आणि तोडणीला त्रास होतो, हे मान्य. म्हणून टू-फोर-डी हे तणनाशक फवारतात. रुंद पानांचं सगळं त्याने जळतं. सरीतलं तण मारायचं ते मारा, पण तोच पंप बांधावर फिरवल्यावर फांजी, उंदीरकानी, निशोत्तराचं रोप सगळं एका दुपारी जातं. बांधावर फवारा मारू नये, तिथे विळाच वापरावा, असं मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. बांध रुंदीने कमी होत चाललेत, उरलेत तेवढे तरी जिवंत राहू देत.

तुमच्या घरी काय लावावं, याचं उत्तर जागेवर आहे. भिंत मजबूत आणि ऊन भरपूर असेल तर समुद्रशोक लावा, पण त्याला लोखंडी मांडव द्या. तारेवर चढवलात तर दोन पावसाळ्यांत तार लोंबेल. मुलं लहान असतील तर बोंडं हिरवी असतानाच तोडत जा. मध्यम जागेला भुईकोहळा उत्तम. रोपं रोपवाटिकेतून किंवा लागवड करणाऱ्याकडून घ्या, डोंगरातून उपटून नको. बी मिळालं तर त्याचं टरफल फार कठीण असतं. डोळा सोडून एका बाजूला पॉलिशपेपरवर घासा, आतला पांढुरका भाग दिसेल इतकंच. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी जे बी फुगलेलं असेल ते लावा, जे नसेल ते पुन्हा घासा. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावलं की पाणी घालायचीही फारशी गरज नसते. कुंडी असेल तर भुईकोहळ्याला खोल ड्रम हवा, कंद खाली वाढतो.

गच्चीच असेल तर विष्णुक्रांता उथळ कुंडीत, मुरूम मिसळलेल्या मातीत लावा, जास्त पाणी दिलंत तर कुजेल. नाळीची भाजी मात्र सगळ्यांत सोपी. स्वच्छ पाण्यातली जुडी मिळाली की खालचे देठ चार बोटं ठेवून पाण्यात उभे करा, काही दिवसांत पेरांना मुळं फुटतात. जुन्या टबात माती आणि पाणी घालून लावा, वरून खुडत राहा.

आणि भिंतीवरचा काळा दाणा? सकाळच्या फुलांसाठी ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. फक्त बोंडं वाळून फुटायच्या आत तोडून टाका, म्हणजे बी शेजारच्या रानात जाणार नाही आणि घरातल्या कुणाच्या हातीही लागणार नाही. सासूबाईंचा पोटाचा त्रास जुना असेल तर त्यांना एकदा वैद्याकडे घेऊन जा.